रस्त्याकडचे बारा तास

धाकट्या सुनेचं सगळ्यात वाईट काय असेल, तर ती भांडत नाही. भांडणाऱ्या माणसाचं मुकादमिणीला कधी वावडं नव्हतं. भांडणारा माणूस समोर उभा असतो, त्याचे हात दिसतात, चुकला की चुकलेला दिसतो आणि दमला की घरी जातो. थोरली सून तशी होती. दार आपटायची, दोन दिवस अबोला धरायची आणि तिसऱ्या दिवशी चहाचा कप पुढ्यात आदळून म्हणायची, घ्या, गार होतोय. झालं, मिटलं. धाकटीचं तसं नाही. धाकटी म्हणायची, ‘हो आई.’ भाजीत मीठ कमी घाल, हो आई. मागच्या दाराची कडी घट्ट बसव, हो आई. त्या शेजारच्या चिमणीच्या नादी लागू नकोस, ती गावभर सभा भरवते आणि घरी भांडी तशीच पडतात, हो आई. आणि आठ दिवसांनी बघावं, तर मीठ तेवढंच, कडी तेवढीच सैल आणि धाकटी चिमणीच्या दारातल्या बाकावर मांडी ठोकून बसलेली. ताकास तूर लागू द्यायची नाही. एका ‘हो’च्या पोटात एवढा मोठा नकार मावतो कसा, हे मुकादमिणीला सोळा वर्षांत कळलं नव्हतं, आणि आज, घरापासून सहा तासांवर, दातांच्या दवाखान्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या बसल्या ते कळलं.

मुकादमीण हे गावानं दिलेलं नाव. नवरा रस्त्यांच्या कामावर मुकादम होता, म्हणून ती मुकादमीण. पण तो मुकादमी रस्त्यावर करायचा आणि ती घरात, शेतात आणि शेजारच्या चार घरांत. खरा मुकादम घरीच असतो, असं लोक म्हणत. ते तिच्या कानावर आलं होतं आणि तिला ते आवडलंही होतं. आता नवरा नव्हता. धाकटा मुलगा दुधाचा टँकर चालवायचा, पहाटे जायचा तो दिवेलागणीला यायचा, म्हणून शेत धाकटीकडे होतं. म्हणजे कष्ट धाकटीकडे होते. शेत मुकादमिणीच्या नावावर होतं, आणि गुडघ्यांनी दगा दिल्यापासून रस्त्यावरूनच का होईना, नजर तिची होती. थोरला मुलगा शहरात लिफ्ट दुरुस्त करायचा. चौथ्या मजल्यावरच्या त्याच्या दोन खोल्यांत ती कवळी बसवून घ्यायला आली होती. उरलेसुरले दात मागच्या थंडीत काढून टाकले होते. बोलताना वारा सुटायचा. घाईत ‘स’ म्हणायला जावं तर ‘श’ निघायचा, आणि जिच्या जिभेला गाव टरकून असायचं तिच्या तोंडून ‘शगळे शारखेच’ असं काही निघालं की नातवंडं उशीत तोंड खुपसायची. तीन आठवडे राहायचं होतं. आज मापाचा दिवस.

नंबर यायला वेळ होता. थोरला कामाच्या कपड्यांतच आला होता, अंगाला ग्रीसचा वास. स्वस्थ बसणं त्याच्या रक्तात नाही. त्यानं फोन काढला, अंगठ्यानं पुसला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

“आई, गंमत बघ. आपलं शेत. वरून.”

“वरून म्हणजे? कोण चढलंय वर?”

“उपग्रह.”

“मग त्याला म्हणावं, पाय पुसून ये.”

पण ती वाकली. आधी काही कळेना, मग एकदम कळलं. जसं गर्दीत आपलं माणूस पाठमोरं ओळखू येतं. हा रस्ता. हे वळण. ही विहीर, सुईच्या नेढ्याएवढी. हे शेतातल्या खोलीचं पत्र्याचं छप्पर, करंगळीच्या नखाएवढं. आयुष्यभर ज्यात वाकलो ते सगळं एका तळहाताएवढं, हे बघून तिला जरा हसूही आलं. मग तिनं बोट ठेवलं. “हे पिवळं काय? गहू तर कधीच काढला.”

“धसकटं आहेत ती. शेतकऱ्यांच्या गटाचा नकाशा आहे हा, धाकटी आहे ना त्यात, तिनं पाठवलाय. पिवळं म्हणजे काड तसंच जमिनीवर ठेवलंय, नांगरलं नाही, पेटवलं नाही. आणि हे तपकिरी आहे ना, कडेचं, ते नांगरलेलं.” तो सांगत गेला. लिफ्ट दुरुस्त करताना जसा तो वायरींशी बोलतो तसा, समोर कोण आहे ते न बघता. “एवढी एक पट्टी नडतेय म्हणे. गटातल्या सगळ्यांची शेतं पूर्ण पिवळी पाहिजेत, पाच वर्षं. तुझी सही लागेल, नाव तुझं ना. धाकटी म्हणाली, आईंना बेतानं सांगा, म्हणून म्हटलं...” तिथं त्यानं मान वर केली आणि थांबला.

पट्टी रस्त्याच्या कडेनं होती. कापडाला गोट लावावा तशी, सारख्या रुंदीची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रस्त्यापासून शेत जरा चढत जातं, मग पलीकडे उतरतं. रस्त्यावर उभं राहिलं की चढाच्या माथ्यापर्यंतच दिसतं. पट्टी बरोब्बर माथ्याशी संपत होती.

“किती वर्षं?”

“काय किती वर्षं?”

“पिवळं.”

“तीन.” त्यानं मान खाजवली. “मला वाटलं, तुला माहीत असेल.”

“बारा तास,” ती म्हणाली.

“बारा तास? दिवसभर नांगरत होती म्हणतेस?”

“गाढवा, तास! नांगराचा तास. नांगर एकदा गेला की जी रेघ पडते ती. शहरात येऊन तास म्हटलं की तुला घड्याळच दिसतं.” ती हे म्हणाली खरी, पण त्यात नेहमीचा दम नव्हता. तिनं मनातल्या मनात ते तास मोजले होते. टँकरमध्ये धाकट्या मुलाशेजारी बसून जाताना तीन वर्षं मोजले होते. माथ्यापर्यंत बारा. त्यापुढचे ती धरून चालली होती.

तेवढ्यात आतून हाक आली.

डॉक्टरीण म्हणजे पोरच होती, थोरल्या नातीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. तिनं एका पत्र्याच्या साच्यात गुलाबी लगदा कालवला, आ करा म्हणाली, अजून मोठा, आणि तो थंडगार लगदा सबंध साच्यासकट मुकादमिणीच्या तोंडात दाबला. “पाच मिनिटं बोलायचं नाही हं, आजी. नाकानं श्वास घ्यायचा. हलायचं नाही.” आयुष्यात मुकादमिणीला एवढं बोलायचं कधी नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचं तोंड शब्दशः भरून ठेवलं होतं. वर पांढरा दिवा होता. कुठेतरी नळ ठिबकत होता. टाळ्याला चिकटलेल्या लगद्याला पुदिन्याची खोटी चव होती, आणि तिच्या पोटातून जे शब्द वर येत होते ते त्या लगद्याला आपटून मागे फिरत होते. कुंपणानं शेत खावं तशी ही घरातली... आणि मागे फिरून ते आत हिंडायला लागले. शब्द बाहेर गेले की माणूस रिकामा होतो, बरं वाटतं. आत राहिले की ते काहीबाही उकरत बसतात. त्यांनी पहिल्यांदा उकरून काढलं ते चिमणीचं हसू. मागच्या वर्षीची गोष्ट. चिमणीचं शेत त्याच रस्त्यावर, पुढच्या वळणाला, आणि तिथं रस्त्यापर्यंत नुसती धसकटं उभी. मुकादमिणीनं टँकर थांबवायला लावला होता, काच खाली केली होती आणि भर रस्त्यात विचारलं होतं, काय गं, शेत आहे की न विंचरलेलं डोकं? आमच्याकडे बघ जरा, आरशासारखं आहे, तोंड बघून घे त्यात. धाकटी तिथंच उभी होती, चिमणीशेजारी, हातात विळा. चिमणीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं जमिनीकडे पाहिलं. आणि चिमणीनं काहीतरी गिळलं. मुकादमिणीला वाटलं होतं, अपमान गिळला. आता तिला कळलं, हसू गिळलं. ते गिळलेलं हसू एक वर्षानंतर, एवढ्या लांब, या खुर्चीत येऊन तिच्या घशाशी बसलं. म्हणजे चिमणीला माहीत होतं. ट्रॅक्टरवाल्याला तर माहीत असणारच, माथ्याशी ट्रॅक्टर वळवायला त्याला कुणीतरी सांगितलंच असेल, आणि तो लबाड दर वर्षी दारात येऊन म्हणायचा, बाई, तुमच्या शेतात नांगर लोण्यातून सुरी जावी तसा जातो. धाकट्या मुलाला माहीत होतं. तो टँकर तिथं मुद्दाम हळू करायचा, आईला नीट बघता यावं म्हणून. सगळं गाव एका नाटकात होतं आणि तिकीट काढून बघायला बसलेली ती एकटी.

तीन मिनिटं झाली असतील. डॉक्टरीण पाठमोरी काही लिहीत होती. रागाचं एक असतं, त्याला सतत लाकडं घालावी लागतात. बोलता येत नसलं की लाकडं संपतात आणि खाली काय आहे ते दिसायला लागतं. खाली सासू होती. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सासूनं तिला शेतात नेलं होतं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालवलं होतं. पायाला धसकट टोचलं की थांबायचं, ते मुळासकट उपटायचं, सासूच्या हातात द्यायचं. सासूच्या हातात मोळी झाली तेव्हा ती म्हणाली होती, शेतात काडी दिसली की घरातला आळस दिसतो, रस्त्यावरून जाणारा बाईचं तोंड बघत नाही, शेत बघतो. सतरा वर्षांच्या मुकादमिणीनं हे असं उचललं की पाच वर्षांत सासूच तिच्याकडून शिकावं. गहू निघाला की ती स्वतः काड पेटवायची. वारा बघून, कडेला पाण्याच्या बादल्या ठेवून, एका ओळीत. ज्वाळा गुडघ्याएवढ्या चालत जायच्या आणि मागे काळं, स्वच्छ, एकसारखं काही उरायचं. दुसऱ्या दिवशी उजाडताना ती एकटीच जायची. राख वरून गार असायची आणि आत ऊब. तळपायांना ती ऊब लागायची तशी आयुष्यात दुसरी कसलीच लागली नाही, नवऱ्याच्या पाठीचीही नाही. कुणाला सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. जगातलं सगळं काम संपलंय आणि आपण ते संपवलंय, असं त्या उबेत वाटायचं. पन्नास वर्षं. एकही काडी नाही. आता ही पोरगी काडी ठेवते. ठेवते तर ठेवते; पण पीक येतं, तिन्ही वर्षं आलं, बरं आलं, गेल्या वर्षी महिनाभर पावसानं ओढ दिली तेव्हा रस्त्यापलीकडच्यांचा मका माना टाकून उभा होता आणि घरात मात्र कणसं आली; आली ना? कुठून आली? बारा तासांतून? त्या पट्टीतला मका तर तिनं स्वतः पाहिला होता, वीतभर बुटका. रस्त्याच्या धुळीनं खुंटलाय, असं तिनंच टँकरमधल्या मुलाला समजावून सांगितलं होतं आणि मुलगा म्हणाला होता, असेल. मग धाकटीचं खरं असेल तर... तिनं तो विचार तिथं तोडला. हात वर केला, काहीतरी विचारायचं असल्यासारखा. डॉक्टरिणीनं तो हळूच खाली ठेवला. “झालंच हं आजी.”

आणि मग नवरा आला. तो नेहमी असाच यायचा, भांडण निवल्यावर, चपला हातात घेऊन. शेतातल्या खोलीला एक पायरी होती. मुकादमीण नवी असताना ती पायरी नव्हतीच, उंबरा जमिनीला टेकलेला, कोंबड्या सरळ आत शिरायच्या. पुढे कधीतरी पाऊल उचलावं लागायला लागलं. नवऱ्यानं एक दगड आणून टाकला. पंधराएक वर्षांनी दुसरा. दुसरा दगड टाकताना तो उकिडवा बसून बराच वेळ भिंतीच्या पायाकडे बघत राहिला. रस्त्याच्या कामात त्याची नजर अशी तयार झाली होती की दोरी न लावता तो बोटभराचा उतार सांगायचा. “ही खोली वर येत नाहीये,” तो म्हणाला होता. “शेत खाली चाललंय.” तिनं त्याला वेड्यात काढलं होतं. तुमच्या डोळ्यांत सडका गेल्यात, म्हणाली होती, शेत काय पळून जाणार आहे? तो हसला होता. त्याच्याशीही भांडता यायचं नाही. पुढे मोठा पाऊस झाला की तो छत्री घेऊन रस्त्याच्या कडेच्या चरापाशी जाऊन उभा राहायचा आणि तांबूस पाणी वाहताना बघायचा. ओळखीच्या माणसाला गाडीत बसवून द्यायला गेल्यासारखा.

लगदा निघाला तो ‘पच्’ असा आवाज करत. मुकादमिणीनं चूळ भरली, तोंड पुसलं. डॉक्टरीण साचा दिव्याखाली फिरवून बघत होती.

“खालची हिरडी फार बसलीये आजी. कवळी जरा सैल पडेल, सवय करावी लागेल.”

“बशली म्हणजे?”

“हाड झिजलंय. दात असतो तोवर त्याचं मूळ हाडाला धरून असतं. दात उपटला की धरायला काही नसतं, मग हाड दर वर्षी थोडं थोडं खाली जातं. कळत नाही, पण जातं. हल्ली जमलं तर मुळं ठेवतात आत.”

“हल्ली,” मुकादमीण म्हणाली. या शब्दाचा तिला एकदम कंटाळा आला. बरोबर काय ते सगळं हल्लीच कळायला लागलंय. आपलं करून झाल्यावर.

थोरल्यानं तिला घरी आणलं. लिफ्टमध्ये शिरल्यावर म्हणाला, फोन लावून देऊ का, बोलतेस तिच्याशी? ती म्हणाली, फोनवरचं भांडण म्हणजे पाण्यात काठी मारणं, तिला इथं बोलाव. थोरल्या सुनेनं मध्ये तोंड घातलं, “आई, तिचंही ऐकून घ्या जरा, एकटी राबते ती,” तेव्हा तिला म्हणाली, “तू थांब. तुझ्याशी भांडायला मला वेगळा दिवस लागतो.” मग ती खिडकीपाशी जाऊन बसली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, जेवणझोप सोडली तर, जवळजवळ तिथंच होती. खाली पदपथावर झाडांची रांग होती. झाडणारी बाई रोज सकाळी झाडाखालचं पान न् पान गोळा करून गाडीत भरायची. हात स्वच्छ होता तिचा. मुकादमिणीनं मान डोलावली होती, पहिले आठ दिवस रोज डोलावली होती. आज तिनं झाडाच्या बुंध्याची माती बघितली. टाचेसारखी होती, भेगाळलेली, चकचकीत. नंतर नळीवाला आला, त्यानं बुंध्यावर पाणी सोडलं. पाणी आत जाईना. जरा वेळ बावचळल्यासारखं जागीच फिरलं, मग कठड्यावरून उतरलं आणि गटाराकडे निघालं. त्याचा तांबूस रंग तिला वरून दिसत होता, चौथ्या मजल्यावरून. तिनं पडदा ओढला. पडदा ओढून काही उपयोग नव्हता, कारण एकदा एक दिसायला लागलं की डोळे मिटूनही तेच दिसतं. पन्नास वर्षांतला एकेक मोठा पाऊस, आणि चरापाशी छत्री धरून उभी एक पाठ.

धाकटी एकच्या बसनं आली. उन्हानं करपलेली, लहानखुरी, हातात कापडी पिशवी. चपला दाराबाहेर काढल्या, हातपाय धुतले आणि जेवणाच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. थोरली कामावर होती, थोरला कुणाच्या तरी अडकलेल्या लिफ्टकडे. घरात दोघीच.

“दुखतंय का आई?”

“कुठे?”

“तोंडात.”

“तोंडात नाही. बस.”

धाकटी खुर्चीच्या कडेवर बसली. सहीचा कागद तिनं काढला नाही, पण पिशवीच्या तोंडातून त्याचा कोपरा दिसत होता. मुकादमिणीनं रात्रभर शब्द रचून ठेवले होते. चांगले, धारदार, एकाखाली एक. आता ही समोर बसल्यावर तिला त्यातला एकही सापडेना.

“काय म्हणतो तुझा गट? धुराचं काहीतरी म्हणतो ना?”

“हो.” धाकटीनं जरा घुटमळून सुरुवात केली. “रोप हवेतलं कार्बन म्हणतात ते घेतं आणि मुळांवाटे जमिनीत नेऊन ठेवतं. नांगरलं, पेटवलं, की ते परत वर उडतं. वर फार झालंय म्हणून ऊन असं झालंय, पाऊस असा. म्हणून जमिनीतलं जमिनीत ठेवायचं.”

“धूर म्हणजे काय कोंबडी आहे, खुराड्यात कोंडायला?”

धाकटी हसली नाही. “काडाखाली ओल राहते आई. ते तर दिसतं.”

“आणि आपल्या चार एकरांनी काय होणार? आभाळ फाटलंय म्हणतेस, तिथं ठिगळ कुठे कुठे लावणार?”

“चौतीस घरं आहेत गटात. ज्यानं त्यानं आपापल्या डोक्यावर लावायचं.”

हे बरं उत्तर होतं. मुकादमिणीला ते आवडलं आणि आवडल्याचा राग आला. तिनं टेबलावरचा एक पावाचा कण बोटानं टिपला. मग मुकादमी आवाजात, म्हणजे निकाल आपलाच असतो त्या आवाजात, म्हणाली, “ठीक आहे. आतलं ठेव तुझं. सही करते मी. पण रस्त्याकडचे बारा तास नांगरायचे. तेवढे माझे. लोक जातात तिथून.”

“नाही आई.”

मुकादमिणीनं कान पुढे केला. तिला खरंच वाटलं की ऐकण्यात चूक झाली.

“नाही,” धाकटी पुन्हा म्हणाली, आणि तिचा आवाज कापत होता, पण मागे जात नव्हता. “ते बारा तास ठेवले तर गट घेणार नाही. धसकटांतून पेरायचं यंत्र गटाचं आहे, ते पुढच्या घराला जाईल, मग आतलंही नांगरावंच लागेल. पण ते जाऊ दे. गटानं घेतलं तरी नाही. तीन वर्षं ते बारा तास मी नांगरून घेते. ट्रॅक्टर चालला की मी मागे चालते. माथ्याच्या अलीकडे माती उलटते ती पिठासारखी, तिच्यात एक गांडूळ नाही. पलीकडे हात घातला की हाताला येतात. पाऊस पडला की पलीकडचं पाणी आत जातं आणि अलीकडचं रस्त्यावर. घरातलं एक भांडं दर वर्षी मुद्दाम फोडल्यासारखं वाटतं मला. आता नाही फोडणार. सही करायची नसेल तर करू नका. गट सोडीन, हातानं पेरीन, जेवढं होईल तेवढं. पण नांगर मी बोलावणार नाही. नांगरायचंच असेल तर तुम्ही या आणि उभ्या राहून नांगरून घ्या. शेत तुमचं आहे.”

बोलून झाल्यावर तिलाच धाप लागली. खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता, तो सुटला. मुकादमीण तिच्याकडे बघत होती. सोळा वर्षं ही बाई घरात वावरली, आणि तिच्या हनुवटीवर एक जुना व्रण आहे हे आज पहिल्यांदा दिसलं. कशाचा असेल? विचारायचं राहून गेलं होतं. असं काय काय राहिलं असेल. पुढच्या वर्षी त्या रस्त्यानं टँकर जाईल आणि काठापासून माथ्यापर्यंत काड पसरलेलं असेल, न विंचरलेलं, आणि चिमणी या वेळी गिळणार नाही, मोकळं हसेल. ट्रॅक्टरवाला सांगेल, म्हातारी शहरात जाऊन आली, घरात आळस शिरला. पन्नास वर्षांचं नाव एका मोसमात पुसून जाईल. नावाला मूळ नसतं, ते वरवरच असतं, एका पावसात वाहून जातं. हे कळायला एवढं वय व्हावं लागलं, याचं तिला वाईट वाटलं नाही. फक्त थोडं रिकामं वाटलं, तोंडात वाटतं तसं.

“मला का नाही सांगितलंस?” तिनं विचारलं. “पहिल्या वर्षीच. खाल्लं असतं मी तुला?”

धाकटीनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. “सांगणार होते. पण तुम्ही टँकरमधून ती पट्टी बघायच्या ना, तेव्हा हसायच्या. बाबा गेल्यापासून तुम्हाला हसताना... म्हटलं, बारा तासांचं तर आहे. तेवढं राहू दे त्यांना.”

रात्रभर रचलेले शब्द आता सापडले असते, पण त्यांची गरज उरली नव्हती. फसवलं ते भीतीनं नाही, कपटानं नाही. दया म्हणून. मुकादमिणीनं हात पुढे केला. धाकटीला आधी कळलं नाही, मग तिनं पिशवीतून कागद काढला, पेन काढलं, टोपण काढून दिलं. सही म्हणजे नाव. तेवढंच तिला लिहिता यायचं. शेत नावावर झालं त्या वर्षी नवऱ्यानं पंधरा दिवस बसून पाटीवर शिकवलं होतं. एकेक अक्षर ती भिंत बांधावी तसं बांधायची. आजही तशीच बांधली, वेळ लावून. शेवटचं अक्षर जरा रेघेबाहेर गेलं, ते तिनं तसंच राहू दिलं. कागद फिरवून धाकटीकडे सरकवला. धाकटीचे डोळे भरले होते आणि ती काहीतरी बोलायच्या बेतात होती. मुकादमिणीनं बोट वर केलं, आणि दात नसतानाही प्रत्येक अक्षर नीट निघावं म्हणून सावकाश म्हणाली:

“माझं ऐक. शेत राखलंस, ते चांगलं केलंस. त्यात मी पन्नास वर्षं चुकले असेन, तर ते माझं मी बघीन, त्याची उठाठेव तू करू नकोस. रस्त्यावरून जाणाऱ्यांनी नावं ठेवली तर मला ठेवू देत. कागदावर माझी सही आहे, तुझी नाही. पण तीन वर्षं माझं मन राखलंस, ते वाईट केलंस. मन लहान पोराचं राखतात, नाहीतर मरायला टेकलेल्याचं. मी दोन्ही नाही.”